अमूल पार्लर, प्रीस्कूल की सलून? फ्रँचायझी घेणाऱ्या मैत्रिणींसाठी

माझ्या मावसबहिणीला स्वयंपाकाची फार हौस. तिच्या हातचं खाऊन जो तो म्हणायचा, खाण्याचीच फ्रँचायझी घे. तिने घेतली, आणि सहा महिन्यांत कळलं की तिथे तिच्या हाताला कामच नाही. कंपनीकडून गोठवलेले पॅटिस येतात, ठरलेली मिनिटं तळायचे. मिठाची चिमूटसुद्धा आपल्या मनाची नाही. चव सगळीकडे सारखी ठेवायची तर हे असंच चालणार. पण दिवसभर हात कशात असतील, हे तिला आधी कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून मी तीन पर्याय त्याच नजरेने बघते.

भांडवल सर्वांत कमी लागतं ते अमूलच्या छोट्या आउटलेटला. १०० ते १५० चौरस फूट जागा, साधारण दोन लाखांचा खर्च, त्यात २५ हजारांची अनामत, रॉयल्टी (म्हणजे कंपनीला द्यायचा वाटा) नाही. कमिशन मात्र नीट बघा : पिशवीच्या दुधावर अडीच टक्के, दूध उत्पादनांवर १०, आइस्क्रीमवर २०. म्हणजे ६० रुपयांच्या दुधामागे दीड रुपया. त्यातली एक पिशवी फुटली की चाळीस पिशव्यांची कमाई गेली. पहाटे गाडी येते तेव्हा क्रेट मोजून घ्यायला कुणीतरी उभं राहावं लागतं. सकाळी मुलांचे डबे करायचे असतील, तर ते 'कुणीतरी' कोण, हे आधी ठरवा. शाळा-कॉलेजजवळची जागा मिळून आइस्क्रीम खपणार असेल, तरच गणित जमतं. अमूलच्या नावाने पैसे उकळणाऱ्या खोट्या वेबसाइट बऱ्याच आहेत आणि कंपनीने स्वतःच त्याबद्दल सावध केलंय. लिंकवरून एक रुपयाही भरू नका.

युरोकिड्स, किडझीसारख्या प्रीस्कूलचं वेळापत्रक घर सांभाळणाऱ्या बाईला सोयीचं, हे खरंच. पण दुपारी शाळा सुटली तरी पालकांचे फोन सुटत नाहीत. मुलाच्या गुडघ्याला खरचटलं, तर शिक्षिकेच्या आधी तुम्हाला उत्तर द्यावं लागतं. जागा मोठी लागते, जमलं तर तळमजल्यावर. फीचा बराचसा पैसा प्रवेशाच्या दिवसांत येतो, भाडं मात्र एप्रिल-मेमध्येही द्यायचं असतं. रडणारं मूल कडेवर घेऊन तासभर फिरताना ज्यांना कंटाळा येत नाही, त्यांना मी हाच पर्याय सुचवेन. नुसती 'मुलं आवडतात' एवढ्यावर मात्र जाऊ नका. इथे खरं काम पालकांशी आणि मावशींशी आहे.

सलूनमध्ये पैसा जास्त अडकतो, आणि मिळतोही. वीणा कुमारवेल यांनी २००० साली चेन्नईत सुरू केलेल्या नॅचरल्सच्या किती तरी शाखा बायकाच चालवतात. स्वतःला केस कापता आले नाहीत तरी चालतं. माणसं टिकवता आली पाहिजेत. चांगली ब्युटिशियन सोडून गेली की तिच्या मोबाइलमधली गिऱ्हाइकंही तिच्यामागे जातात. शनिवार-रविवार आणि लग्नसराई, म्हणजे घरी पाहुणे असतात नेमके तेच दिवस, सलूनचे.

कर्जासाठी मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंत तारण लागत नाही. तेवढ्यात छोटं आउटलेट आरामात बसतं, मोठं सलून बसत नाही.

करारावर सही करण्याआधी तो वकिलाकडून वाचून घ्याच. फ्रँचायझीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. कागदावर लिहिलंय तेवढंच तुमचं. रॉयल्टी विक्रीवर आहे की नफ्यावर? विक्रीवर असेल तर तोट्याच्या महिन्यातही द्यावी लागते. मुदत संपल्यावर त्याच भागात तोच धंदा स्वतःच्या नावाने करता येईल का? शेजारच्या गल्लीत कंपनी दुसरी शाखा देणार नाही, असं कुठे लिहिलंय?

आणि कंपनीने दिलेल्या यादीतल्या खूश शाखांना फोन करून थांबू नका. बंद पडलेली एखादी शाखा शोधा, तिच्या मालकिणीसोबत चहा घ्या, आणि तिचे सुरुवातीच्या वर्षातले हिशेब दाखवते का विचारा.