मतदारसंघांचे नकाशे आखणार कोण? मिशिगन, ओहायो आणि मिझुरी

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना झाली की राज्य विधिमंडळाचे मतदारसंघ नव्याने आखतात. बहुतेक राज्यांत हे काम आमदारांच्याच हाती असतं, त्यामुळे ते आपल्या पक्षाच्या सोयीने रेषा आखू शकतात. तिथल्या मराठी मतदारापुढे हे बदलण्याचा अर्ज सहीसाठी आला, तर ‘स्वतंत्र आयोग’ एवढंच वाचून सही करू नये. आयोगावर बसणार कोण, अडलं तर नकाशा कोण देणार आणि केलेला बदल फिरवणं किती सोपं, हे आधी बघावं.

मिशिगनमध्ये ‘व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स’ या संघटनेच्या स्वयंसेवकांनी सह्या जमवून राज्याच्या घटनेतली दुरुस्ती थेट मतदानाला नेण्याचा मार्ग धरला. ३,१५,६५४ वैध सह्या लागणार होत्या. त्यांनी सव्वाचार लाखांवर दिल्या. वरच्या लाखभर सह्या लागतातच, कारण दुबार आणि नोंदणी नसलेल्यांच्या सह्या छाननीत गळतात. २०१८ मध्ये प्रस्ताव ६१ टक्के मतांनी मंजूर झाला.

आयोग १३ जणांचा: ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कुठल्याच पक्षाचे नसलेले. अर्जदारांतून सोडतीने २०० नावं निघतात, विधिमंडळातले चार नेते प्रत्येकी ५ नावं खोडू शकतात आणि उरलेल्यांतून पुन्हा सोडत होते. मागच्या ६ वर्षांतले उमेदवार, पक्षाचे पदाधिकारी, लॉबिस्ट (पैसे घेऊन आमदारांकडे कुणाची तरी बाजू मांडणारे) आणि त्यांचे जवळचे नातेवाईक बाद. नकाशाला तिन्ही गटांतल्या किमान दोघा-दोघांची मतं लागतात. चूक इथेही झाली. डेट्रॉईट परिसरातले १३ मतदारसंघ वंशाच्या आधारे आखले म्हणून संघीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये रद्द केले. पण दुरुस्ती आयोगानेच केली, आमदारांकडे काम परत गेलं नाही.

ओहायोचा २०१५ चा आयोग नावापुरता. सात जागांपैकी तीन राज्यपाल, ऑडिटर (राज्याचा लेखापरीक्षक) आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यातल्या निवडणुका बघणारा अधिकारी) यांच्या, चार विधिमंडळातल्या नेत्यांनी भरायच्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे नकाशे पाच वेळा फेटाळले, पण स्वतः नकाशा देण्याचा अधिकार न्यायालयाला नव्हता. शेवटी २०२२ ची निवडणूक फेटाळलेल्याच नकाशावर झाली. २०२४ मध्ये नागरिकांनी १५ जणांचा आयोग सुचवला, तेव्हा मतपत्रिकेवरचा मजकूर सरकारी मंडळाने असा लिहिला की हा आयोगच पक्षांच्या सोयीने नकाशे वाकडे करील असं वाटावं. प्रस्ताव पडला. सह्या गोळा करतानाच या मजकुराच्या लढाईची, वकिलांची तयारी ठेवावी लागते.

मिझुरीत २०१८ मध्ये ६२ टक्क्यांनी मंजूर झालेली नकाशे आखण्याच्या पद्धतीतली सुधारणा दोन वर्षांत, एकदाही न वापरता गेली. आमदारांनी नवा प्रस्ताव आणला. त्यात आधी लॉबिस्टच्या भेटवस्तूंवर बंदी, देणग्यांच्या मर्यादेत १०० डॉलरची घट, आणि नकाशाची ती सुधारणा रद्द करण्याचा मुद्दा मागे. सुमारे ५१ टक्के मतांनी तो मंजूर झाला. जिंकल्यावर संघटना मोडू नये ती याचसाठी.

तिन्हींत आमचा कौल मिशिगनच्या मसुद्याला. न्यायालयाच्या भरवशावर राहू नये: १९६० च्या दशकातल्या निकालांनी समान लोकसंख्येचं बंधन मिळालं, पण पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या रेषांत आपण पडणार नाही, असं संघीय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलं. न्यू जर्सी, टेक्सस इथे मात्र नागरिकांना घटनादुरुस्ती थेट मतदानाला नेता येत नाही. तिथे वेळ सह्यांवर न घालवता आपल्या आमदाराकडून विधेयक मांडून घ्यावं.