गावातला कॉम्प्युटरवाला की २४ तास पहारा देणारी सेवा?

जालन्याची स्टील मिल असो की लातूरची डाळ मिल, टॅलीचा सगळा हिशोब बहुधा एकाच सर्व्हरवर. वार्षिक करारावरचा गावातला कॉम्प्युटरवाला स्वस्त; फोन केला की गाडीवर हजर, बॅकअपची डिस्कही तोच बदलतो. पण फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारे रॅन्समवेअरवाले मुद्दाम रात्र नाहीतर सुट्टी गाठतात, तेव्हा हा झोपलेला. एमडीआर, म्हणजे बाहेरून २४ तास पहारा देणाऱ्या सेवेची माणसं रात्रीही लॉग (मशीनवरच्या हालचालींच्या नोंदी) बघतात, संशयास्पद मशीन लांबूनच नेटवर्कपासून तोडतात. पैसे जास्त, बहुतेकदा दर मशीनमागे. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची घटना ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपायचे. एकट्या माणसाला हे कुठून झेपणार? माझा कल सेवेकडे. फक्त मशीन तोडायचा अधिकार करारात लिहून घ्या, नुसते अलर्टचे मेल धाडणारेही ढिगाने आहेत. आणि कॉम्प्युटरवाल्याचा करार चालूच ठेवा.