१/क्ष च्या घरातला आलेख ओळखताना: तक्ता बरा की अनंतस्पर्शी रेषा?

चार पर्यायांतून १/क्ष सारख्या, म्हणजे छेदात क्ष असलेल्या फलनाचा आलेख ओळखायचा असेल, तर वाटा दोन. क्ष च्या किमती घालून तक्ता करायचा आणि बिंदू मांडायचे. नाहीतर आधी अनंतस्पर्शी रेषा (असिम्प्टोट), म्हणजे आलेख ज्यांच्या जवळजवळ सरकत जातो पण ज्यांना टेकत नाही अशा रेषा, शोधायच्या आणि मग अंशाचं चिन्ह बघायचं. मी दोन्ही भरपूर वापरल्यात. तक्त्याला कमी लेखायचं नाही. प्रत्येक बिंदू स्वतः काढलेला असतो, त्यामुळे नवख्याला त्याचा भरवसा वाटतो.

पण त्याची एक गोष्ट मला कायम खटकत आली आहे. य = २/(क्ष − ३) + १ घ्या. पूर्णांक घातले की (१, ०), (२, −१), (४, ३), (५, २) हे बिंदू मिळतात. क्ष = ३ ला छेद शून्य होतो, म्हणून तक्त्यात तिथे फुली. कागदावर मात्र ती फुली कुठेच दिसत नाही, आणि हात आपसूक (२, −१) पासून (४, ३) पर्यंत रेघ ओढतो. ही रेघ बरोबर (३, १) मधून जाते. तो आलेखाचा सममितीचा बिंदू, पण आलेख त्यातून कधीच जात नाही! चित्र इतकं सुबक दिसतं की शंकाही येत नाही. बिंदू जोडत जाणारी सॉफ्टवेअरसुद्धा अशा जागी बरेचदा उभी रेघ मारून मोकळी होतात.

रेषांपासून सुरुवात केली की ही अडचण उरत नाही. छेद शून्य होतो तिथे उभी रेषा, क्ष = ३. क्ष खूप मोठा झाला की अपूर्णांक जवळपास नाहीसा होतो, म्हणून आडवी रेषा य = १. अंश धन, म्हणजे एक शाखा या रेषांच्या छेदनबिंदूच्या वर उजवीकडे, दुसरी खाली डावीकडे. अंश −२ असता तर उरलेल्या दोन कोपऱ्यांत. माझ्या अनुभवात एवढ्यावरच बहुतेक पर्याय गळतात.

मर्यादा या दुसऱ्या वाटेलाही आहेत. अंशात २ च्या जागी ५ असेल तरी रेषा त्याच राहतात; तेव्हा क्ष = ४ घालून य ३ येतो की ६, हे बघावंच लागतं. छेदाचा वर्ग असेल तर दोन्ही शाखा आडव्या रेषेच्या एकाच बाजूला येतात, तेही ध्यानात ठेवावं लागतं.

आलेख मोजून-मापून काढायचा असेल तर तक्त्यावाचून गत्यंतर नाही. नुसता ओळखायचा असेल, तर मी आधी रेषा बघेन आणि बिंदू एखादाच काढेन, तोही दोन पर्यायांत अडलो तर.