माइनक्राफ्ट सर्व्हरची डिस्क भरली: चंक उडवायचे, कॉम्प्रेशन बदलायचं की बॅकअप सुधारायचा?

मोठा प्लॅन घेण्याआधी सर्व्हरच्या फोल्डरवर ‘डीयू’ (कोणतं फोल्डर किती जागा घेतंय ते सांगणारी लिनक्सची कमांड) चालवून बघा. वर्ल्डच (म्हणजे गेममधलं साठवलेलं जग) जागा खातंय असं आपण धरून चालतो, पण पुष्कळदा रोजच्या झिप बॅकअपचा ढीग, डायनमॅप या प्लगइनने काढलेली नकाशाची चित्रं किंवा खेळाडूंनी केलेले बदल नोंदवणाऱ्या कोअरप्रोटेक्टचा वाढत गेलेला डेटाबेस वर्ल्डच्याही पुढे गेलेला असतो. तसं असेल तर वर्ल्डला हात लावायची गरजच नाही.

वर्ल्डच मोठं असेल, तर माझ्या मते पहिला मान चंक, म्हणजे जगाचे १६ गुणिले १६ ब्लॉकचे तुकडे, उडवण्याचा. व्ह्यू-डिस्टन्स (खेळाडूला किती लांबपर्यंतचं जग दाखवायचं ते सेटिंग) मुळात १० असतो, म्हणजे एका खेळाडूभोवती प्रत्येक दिशेला निदान १० चंकपर्यंतचा भाग तयार होतो. कुणी एलिट्रा (उडायचे पंख) लावून एंड या गेममधल्या वेगळ्या जगात शहरं शोधत उडत गेला, की वाटेतला सगळा भाग डिस्कवर कायमचा जाऊन बसतो. तिथे पुन्हा कुणी फिरकत नाही. एमसीए सिलेक्टर या चंक निवडून काढायच्या प्रोग्राममध्ये वर्ल्ड उघडून ‘इनहॅबिटेड टाइम’ची चाळणी लावा. खेळाडू जवळ असताना त्या चंकवर किती वेळ गेला, ते हा आकडा टिकमध्ये (गेमच्या वेळेच्या एककात) सांगतो. १२०० टिक म्हणजे एक मिनिट. (गेममध्ये हा आकडा त्या भागातली काठिण्यपातळी ठरवायला वापरतात, आपल्याला तो आयता मिळतो.) पाच मिनिटांपेक्षा कमी असलेले चंक निवडले, तर बहुतेक ओसाड जमीन हाती लागते.

धोका एकच, पण मोठा. नेदर या गेममधल्या पाताळातला बोगदा किंवा लांबचा रेल्वेमार्ग खेळाडू भरकन पार करतात, त्यामुळे तिथला आकडाही कमीच राहतो. म्हणून निवड झाली की नकाशावर नजर फिरवा, रस्ते हाताने वगळा आणि मगच डिलीट करा. आधी बॅकअप हवाच. उडवलेला भाग पुन्हा कुणी गेलं की त्याच सीडवरून (जग ज्यातून तयार होतं त्या आकड्यावरून) नव्याने तयार होतो. मधे गेमची आवृत्ती बदलली असेल तर जुन्या-नव्या जमिनीचा सांधा कधी कधी विचित्र दिसतो. पण १.२१ मधली ट्रायल चेंबर्स (जमिनीखालच्या लढाईच्या खोल्या) फक्त नव्या चंकमध्येच येतात, त्यामुळे जुने चंक उडवले की जुन्या सर्व्हरवरच्या मंडळींना ती घराजवळ मिळू शकतात. हा फायदा मला जागेइतकाच महत्त्वाचा वाटतो. नंतर वर्ल्ड बॉर्डर (खेळाडूंना पलीकडे न जाऊ देणारी सीमा) लावा, नाहीतर पुन्हा तेच.

कॉम्प्रेशन बदलून काय होतं? वर्ल्ड ज्यात साठवलं जातं त्या एमसीए फाइलमध्ये प्रत्येक चंक आधीच झेडलिब या कॉम्प्रेशनने दाबलेला असतो, म्हणून वर झिप केल्याने फारसं काही सुटत नाही. १.२०.५ पासून सर्व्हरच्या सेटिंगमध्ये डिफ्लेट (हेच नेहमीचं), एलझेड४ आणि ‘नन’ (कॉम्प्रेशनच नको) असे पर्याय आहेत. एलझेड४ सीपीयू वाचवतो, पण जागा जास्त घेतो. जागेसाठी ते निवडू नका. ‘नन’ करून खाली बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या स्वतः कॉम्प्रेशन करू शकणाऱ्या फाइलसिस्टिमवर झेडस्टँडर्ड ही पद्धत लावली, तर अनेक चंक एकत्र दाबले जातात आणि फायदा होऊ शकतो. मात्र साध्या फाइलसिस्टिमवर तेच वर्ल्ड हलवलंत तर ते फुगतं. एमसीएऐवजी वापरायचा लिनियर फॉरमॅट जागा वाचवतो भरपूर, पण तो अधिकृत नाही. त्याला पाठिंबा देणाऱ्या सर्व्हर फोर्कला (इतरांनी बदललेल्या सर्व्हर सॉफ्टवेअरला) तुम्ही बांधले जाता. मित्रमंडळींच्या सर्व्हरसाठी मी तो सुचवणार नाही.

बॅकअपमध्ये मात्र निवड सोपी आहे. रोज अख्ख्या वर्ल्डची झिप करण्यापेक्षा रेस्टिक किंवा बोर्ग हे बॅकअप प्रोग्राम वापरा. न बदललेला डेटा ते पुन्हा साठवत नाहीत. सर्व्हरला आधी ‘सेव्ह-ऑफ’ कमांड द्या, मग ‘सेव्ह-ऑल फ्लश’, बॅकअप झाला की ‘सेव्ह-ऑन’. हे शेवटचं विसरलात तर सर्व्हर आपोआप सेव्ह करायचं थांबतो. जुने स्नॅपशॉट (एकेका वेळचे बॅकअप) काढल्यावर रेस्टिकमध्ये ‘प्रून’ही चालवावं लागतं, त्याशिवाय जागा मोकळी होत नाही.

भाड्याचा छोटा व्हीपीएस (आभासी सर्व्हर) असेल तर आधी बॅकअप बदला, मग चंक उडवा. कॉम्प्रेशनला हात लावू नका. घरात स्वतःचं लिनक्स मशीन आणि त्यावर झेडएफएस असेल, तरच ‘नन’चा प्रयोग करा, तोही वर्ल्डच्या कॉपीवर.