बगआउट की पॅरा ३?

भाच्या, खिशात ठेवायला घडीचा चाकू कोणता घ्यावा, बेंचमेड कंपनीचा बगआउट की स्पायडर्कोचा पॅरा ३, यावर अडलायस ना? पोलाद दोघांचंही उत्तम, किंमतीत एकोणीस-वीसचाच फरक. तिथे डोकं खपवू नकोस. खरा फरक वजनाचा. बगआउट जेमतेम ५२ ग्रॅम, खिशात आहे हेही विसरायला होतं. जी-१०च्या, म्हणजे काचतंतू नि राळेच्या टणक मुठीचा पॅरा ३ साधारण ९६. पण बगआउटची प्लास्टिकची मूठ जोरात आवळली की किंचित लवते. पॅरा ३ ची ढिम्म हलत नाही. पातं बगआउटचं लांब नि पातळ, सफरचंदाच्या फोडी सरसर पडतात. जाड खोकी, दोरखंड रोज कापणाऱ्याने पॅरा ३ घ्यावा. त्याचं लॉक, म्हणजे उघडं पातं अडकवून ठेवणारा खटका, मात्र उजव्या हाताला सोयीचं. बगआउटचं कुठल्याही हाताने उघडतं. ट्रेकला जाणारा नि डावखुरा असशील, तर बगआउटच घे.