बिलावर नवे, चाकात जुनेच : अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील एक अनुभव

माझी गाडी चार मीटरच्या आतली, पेट्रोलवर चालणारी साधी हॅचबॅक आहे. कंपनीची मूळ वॉरंटी संपण्यापूर्वीच मी पैसे भरून ती वाढवून घेतली होती आणि त्यामुळे प्रत्येक सर्व्हिसिंग पुण्यातील एकाच अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून घेण्याचा नेम मी काटेकोरपणे पाळत आलो. बाहेरच्या गॅरेजवाल्यांविषयी माझ्या मनात उगाचच संशय होता आणि काचेच्या केबिनमध्ये बसून कॉफी पाजणाऱ्यांविषयी तितकाच उगाच विश्वास होता, हे आधीच कबूल केलेले बरे.

३०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसिंगसाठी गाडी दिली तेव्हा सकाळी सांगितलेला अंदाज साडेसहा हजारांचा होता. दुपारी सर्व्हिस ॲडव्हायझरचा फोन आला. पुढचे ब्रेक पॅड संपत आले आहेत, थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात) कार्बन साचला आहे, इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणे) आणि इंजेक्टर (इंधन फवारणाऱ्या नळ्या) क्लीनिंग करून घ्यावे लागेल, एसीला निर्जंतुकीकरणाची ट्रीटमेंट द्यावी लागेल, अशी यादी त्याने एका दमात वाचून दाखवली. पॅडचे समजू शकतो, पण बाकीची कामे खरेच आवश्यक आहेत का, असे मी विचारले. तो म्हणाला, “सर, तुमच्यावर सक्ती नाही, पण उद्या इंजिनचं काही निघालं तर एक्स्टेंडेड वॉरंटीत क्लेम अडकतो. मग आम्हाला बोलू नका.” या एका वाक्यापुढे मी मान तुकवली. संध्याकाळी १३,३३० रुपयांचे बिल भरले, जॉबकार्डावर, म्हणजे करायच्या कामांच्या नोंदपत्रावर, त्याने बोट ठेवलेल्या तिन्ही ठिकाणी सह्या केल्या आणि धुऊन चकचकीत केलेली गाडी घेऊन घरी आलो.

त्यानंतर जेमतेम १,९०० किलोमीटर झाले असतील. आम्ही गणपतीसाठी कोकणात निघालो होतो. पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठले आणि तिथे पुढचे डावे चाक पंक्चर झाले. पंक्चर काढणाऱ्या मुलाने चाक उतरवले, टायरकडे वळण्याआधी आत नजर टाकली आणि मला हाक मारली. “काका, घाट उतरून आलात ना? हे पॅड बघा.” मी वाकून पाहिले. पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या फटीतून पॅडची लोखंडी पाठ स्पष्ट दिसत होती आणि तिच्यावर उरलेला घर्षणाचा थर अगदीच पातळ होता. डिस्कच्या कडेला बोट फिरवले तर झिजेने तयार झालेला कंगोरा हाताला लागत होता. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटर जाड असतो आणि तो पुष्कळ हजार किलोमीटर चालतो. दोन हजार किलोमीटरांत त्याची अशी अवस्था होणे शक्यच नव्हते. डॅशबोर्डच्या कप्प्यातले बिल काढले, तर त्यावर पुढच्या ब्रेक पॅडचा संच २,६४० रुपये आणि तो बसवण्याची मजुरी ६९० रुपये, अशा दोन्ही ओळी पार्ट नंबरसकट छापलेल्या होत्या. मागच्या सीटवर आई आणि दोन्ही मुले बसली होती. त्यांना मी काहीच सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी वाटेतल्या दुसऱ्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पॅड बदलून घेतले. तिथल्या मनुष्याला आग्रह करून जॉबकार्डावर जुन्या पॅडची मोजलेली जाडी, दोन मिलिमीटर, आणि किलोमीटरचा आकडा लिहून घेतला, फोटो काढले आणि ते जुने पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून सोबत आणले. पुढे जे थोडेफार हाती लागले ते केवळ या गुंडाळीमुळे.

पुण्याला परतल्यावर मी एक गोष्ट केली जी गाडी घेतली त्याच आठवड्यात करायला हवी होती, ती म्हणजे गाडीसोबत मिळालेली पुस्तिका वाचली. तिच्या शेवटच्या पानांवर कोणत्या किलोमीटरला काय तपासायचे आणि काय बदलायचे याचा तक्ता असतो. माझ्या गाडीच्या तक्त्यात ३०,००० किलोमीटरला इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचे होते, एअर फिल्टर फक्त साफ करायचा होता, आणि बाकी बहुतेक ठिकाणी ‘तपासणी’ एवढाच शब्द होता. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी, एसी ट्रीटमेंट यांपैकी एकही नाव त्या तक्त्यात कुठेही नव्हते. या चार कामांचे मिळून मी ३,७५० रुपये मोजले होते. वाढीव वॉरंटीच्या अटींमध्ये तक्त्यानुसार वेळेवर सर्व्हिसिंग केलेले असावे आणि त्याची नोंद असावी, एवढीच अपेक्षा होती. ज्या वॉरंटीची मला भीती घालण्यात आली, तिचा या कामांशी सुतराम संबंध नव्हता. शिवाय ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचे रबर असे झिजणारे भाग वॉरंटीत धरलेलेच नसतात, आणि टायर व बॅटरी यांची जबाबदारी त्या त्या उत्पादकाकडे असते, हेही त्याच पानांवर लिहिलेले होते. वॉरंटी उत्पादनातील दोषासाठी असते, झिजेसाठी नाही, हा फरक आपल्याला ठाऊक नसतो, आणि आपल्याला तो ठाऊक नाही हे काउंटरपलीकडच्या माणसाला पक्के ठाऊक असते.

ऑइलची गोष्ट तर आणखी गमतीची निघाली. बिलात साडेतीन लिटर ऑइल लावले होते. पुस्तिकेनुसार फिल्टरसह या इंजिनात ३.१ लिटर मावते. साडेतीन लिटर खरोखर ओतले असते तर डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असती, आणि ती तशी गेलेली नव्हती. रक्कम दोनेकशे रुपयांची आहे, पण दिवसाला तीस-चाळीस गाड्या हाताळणाऱ्या ठिकाणी तिचा हिशेब ज्याने त्याने करावा.

मी पॅडची गुंडाळी घेऊन सर्व्हिस मॅनेजरला भेटलो. त्यांचा पहिला प्रश्न होता, “मधल्या काळात बाहेर कुठे काम करून घेतलं होतं का?” दुसऱ्या अधिकृत सेंटरचे जॉबकार्ड समोर ठेवल्यावर तो प्रश्न मागे पडला आणि नवे उत्तर आले की पॅड स्टोअरमधून इश्यू झालेले दिसत आहेत, म्हणजे ते बसवलेच असणार. इश्यू झालेले पॅड मग कोणत्या गाडीत गेले, हे मात्र कोणालाच सांगता आले नाही. माझे जुने पॅड मला का परत दिले नाहीत, असे विचारल्यावर त्यांनी जॉबकार्डाची प्रत माझ्यापुढे सरकवली. ‘जुने सुटे भाग नको’ या ओळीपुढच्या चौकटीत बरोबरची खूण होती आणि खाली माझी सही. ती खूण मी केलेली नव्हती, पण सही निर्विवाद माझीच होती.

त्यानंतर कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला बिल, फोटो आणि दोन्ही जॉबकार्डे जोडून ईमेल पाठवला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. केवळ फोनवर बोलून भागत नाही, तक्रारीचा नोंदणी क्रमांक जपून ठेवावा लागतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो, याचा उल्लेख मी ईमेलमध्ये मुद्दाम केला होता. अठराव्या दिवशी पॅड आणि मजुरीचे ३,३३० रुपये खात्यात जमा झाले, ‘सदिच्छा म्हणून’ अशा मजकुरासह. चूक कबूल केल्याचा एक शब्दही त्यात नव्हता. ३,७५० रुपयांच्या त्या चार कामांचे काही परत मिळाले नाही, कारण ती कामे करायला मी फोनवर होकार दिला होता आणि सही करून तो पक्काही केला होता. त्यासाठी आयोगाकडे जाण्याइतका उत्साह माझ्यात उरला नाही.

४०,००० किलोमीटरचे सर्व्हिसिंग मी दुसऱ्या सेंटरमध्ये केले. तक्त्यातील त्या स्तंभाची झेरॉक्स जॉबकार्डाला टाचून दिली. सही करण्यापूर्वी रिकाम्या जागेत ‘फक्त पुस्तिकेतील कामे करावीत, जादा कामास लेखी संमती घ्यावी, सर्व जुने सुटे भाग परत द्यावेत’ असे स्वतःच्या हाताने लिहिले. नको असलेल्या चौकटींवर आडव्या रेघा मारल्या. ॲडव्हायझरने एकदा वर पाहिले, पण काही बोलला नाही. संध्याकाळी बिलाबरोबर एक कॅरीबॅग मिळाली. तिच्यात जुना ऑइल फिल्टर, चार स्पार्क प्लग आणि धुळीने भरलेला एअर फिल्टर होता, आणि त्या एअर फिल्टरच्या कडेवर मी आदल्या रात्री मार्करने टाकलेला निळा ठिपका होता.