मांजर पकडायचा पिंजरा : झडप झकास, मागचं दार भिकार

आमच्या सिडकोतल्या गल्लीत भटकी मांजरं फार झाली. मीटिंगमध्ये तोडगा निघाला, पोत्यात भरा आणि गंगापूर धरणाकडे सोडून या. म्हटलं, अरे, उष्टं-खरकटं इथेच पडणार, मग दुसरी येऊन बसतील. शिवाय प्राणी असा टाकून देणं १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. नसबंदी करून जागच्या जागी परत सोडायची, हे ठरलं आणि हा पिंजरा ऑनलाइन मागवला.

मी एस.टी.च्या वर्कशॉपमधला माणूस, आधी वेल्डिंग बघितलं. सांधे पक्के, जाळीचं टोक कुठे आत आलेलं नाही. घाबरलेलं मांजर जाळीवर नाक घासतं, त्यामुळे हे महत्त्वाचं. पायपट्टीवर वजन पडलं की झडप पडते आणि आपोआप अडकते. आवाज मात्र असा की बाकीची चार गल्ल्या लांब पळतात. मी चौकटीला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली.

खरी बोंब मागच्या सरकत्या दाराची. त्याला कडीच नाही! बोका आत सापडला की पिंजरा नाचतो आणि दार वर सरकतं. बायंडिंग वायरने बांधावं लागतं. बरं, सोडायचं ते याच दारातून. ऑपरेशनच्या वेळी भूल असतानाच डॉक्टर कानाचा शेंडा कापतात. तसा कान दिसला की समजायचं, नसबंदी आधीच झालेली आहे आणि तिथेच सोडायचं, तेव्हा वायर सोडवत बसा.

सोबतच्या कागदावर उंदराचं चित्र आणि बाकी काही नाही. म्हणून सांगतो. आमिषाला भाजलेला बोंबील, तोही चिमूटभर, कारण भूल रिकाम्या पोटी देतात. पकडल्यावर लगेच जाड चादर टाका, बोका गप्प होतो. लावून झोपायला जाऊ नका, नाशिकची थंडी आहे. मादीचे सड ओढलेले दिसले तर आधी पिल्लं शोधा. आणि मादी अजून लहान आहे म्हणून नसबंदीला थांबू नका, चार-पाच महिन्यांचीही गाभण राहते, नऊ आठवड्यांत विते.

अंबडला कुठलाही फॅब्रिकेशनवाला असा पिंजरा करून देईल, पण इतका हलका खटका त्याला जमेलच असं नाही. पाचपैकी तीन तारे. कडी लावून द्या, चौथा देतो.